काय काय पाहिजे, लिहून द्या

मंडळी, एक सोपा प्रश्न. तुमचा लॅपटॉप आत्ता बंद पडला आणि परत कधीच सुरू झाला नाही, तर त्यातलं नेमकं काय पाहिजे तुम्हाला?

‘सगळं!’ असं ओरडू नका. मीही तेच ओरडले होते. त्यावर तापकीर गल्लीतल्या एका पोराने माझ्याकडे असं काही बघितलं, की दहावीचं प्रगतिपुस्तक बघताना बाबांचा चेहरा कसा व्हायचा ते आठवलं. पण थांबा, सुरुवातीपासून सांगते.

२०१० साली पहिल्या नोकरीच्या पैशांतून मी एक लॅपटॉप घेतला होता. काळा, जाडजूड, अडीच किलोचा. हिंजवडीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलं की चटके बसायचे, पण तोरा काय होता म्हणून सांगू! २०१६ मध्ये मी नवा स्लिमबिम घेतला आणि जुन्याची रवानगी कराडला आईकडे केली. आई त्याच वर्षी पंचायत समितीतून रिटायर झाली होती. छत्तीस वर्षं क्लार्क-टायपिस्ट. ‘घे, पत्ते खेळायला होईल,’ असं मी मोठ्या उदार मनाने म्हणाले होते. आईने पत्ते एकदाही खेळले नाहीत. दुपारी दोन ते चार, घर झोपलं की ती दिवाणावर मांडी घालून बसायची आणि काहीतरी टाइप करायची. ‘काय लिहितेस गं?’ विचारलं की म्हणायची, ‘काही नाही गं, असंच. हाताची सवय मोडायला नको.’

फक्त एकदाच, २०२२ च्या दिवाळीत, तिने विषय काढला. ‘माझं ते लिहिलेलं दुसरीकडे कुठं ठेवता येतं का गं?’ मी म्हणाले, ‘येतं की! उद्या पेनड्राइव्हवर घेते.’ मग लक्ष्मीपूजन आलं, पाडवा आला, भाऊबीज आली आणि माझी परतीची बस आली. २०२३ च्या दिवाळीत मी हेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणाले. बस पण तीच होती बहुतेक.

गेल्या भोगीला सकाळी भाच्याचा फोन. ‘आत्या, पॅनिक होऊ नकोस. आजीचा लॅपटॉप पडला.’

मागून आईचा आवाज. मग फोन तिच्या हातात. ‘माझ्याच हातून पडला गं. वायरीत पाय अडकला.’

आता इथे शहाण्या मुलीने काय म्हणायला हवं? ‘तुला लागलं नाही ना?’ मी काय म्हणाले? ‘आई, तुला किती वेळा सांगितलं, दिवाणावर घेऊन बसू नकोस म्हणून!’ खरं सांगायचं तर हे मी तिला आयुष्यात एकदाही सांगितलेलं नव्हतं. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘जाऊ दे. तसं काही महत्त्वाचं नव्हतं त्यात.’

आईच्या तोंडच्या या वाक्याचा अर्थ काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिळगूळ घ्यायला कराडला गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. तोवर घरच्यांनी त्याच्यावर यथाशक्ती उपचार केले होते. आठ-दहा वेळा बंद-चालू करून झालं होतं. भाच्याने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, की हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की जिवंत होते. वहिनीच्या फ्रीझरमध्ये सोललेले मटार ठासून भरले होते, जागाच नव्हती, म्हणून आम्ही वाचलो. (हा उपाय करू नका. गार डिस्क बाहेर काढली की फ्रिजमधल्या बाटलीसारखी तिलाही बाहेरून-आतून दव सुटू शकतं, आणि आत पाणी म्हणजे खेळ खल्लास.)

पुण्यात आल्यावर आधी सुशिक्षित माणसासारखी सर्व्हिस सेंटरला गेले. एसी, टोकन, कॉफी मशीन, सगळं होतं. काउंटरवरच्या टायवाल्याने लॅपटॉप उघडायचे कष्टही घेतले नाहीत. ‘मॅडम, मॉडेल जुनं आहे. पार्ट येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.’

‘आणि आतला डेटा?’

‘डेटाची जबाबदारी आमची नसते, मॅडम.’ हे वाक्य त्याने इतक्या गोड आवाजात म्हटलं, की मी ‘थँक यू’ म्हणून बाहेर पडले.

मग बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. पुणेकरांना नव्याने सांगायला नको. दिव्यांच्या माळा, स्विच, स्पीकर, वायरींची भेंडोळी आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या हातगाड्या. त्यात एका जिन्यावर, जेमतेम दोन माणसं मावतील एवढं दुकान. आत पंचविशीतला एक पोरगा. टाय नाही, कॉफी मशीन नाही. त्याने लॅपटॉप पालथा घातला, दोन स्क्रू काढले आणि एका मिनिटात तळहाताएवढी डिस्क बाहेर काढली.

‘ताई, लॅपटॉप मेलाय. डिस्क मेलीय की नाही ते आता बघू.’

मंडळी, हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. लॅपटॉप मरणं आणि डिस्क मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीन फुटली, मदरबोर्ड जळला, चार्जिंगची पिन तुटली, तरी जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क ठणठणीत असू शकते. काही शे रुपयांची वायर मिळते. तिच्या एका टोकाला डिस्क आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कम्प्युटरचं यूएसबी. जमलं तर डिस्क पेनड्राइव्हसारखी समोर उघडते आणि विषय संपतो.

आमचा विषय संपला नाही. त्याने डिस्कला वीज दिली आणि ती चक्क कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात ना, तसं डोळे मिटून ऐकलं. ‘टक-टक-टक असा ठेका असता तर मी हातच लावला नसता,’ तो म्हणाला. ‘तो आवाज आला की आतलं हेड गेलं समजायचं. मग लॅब. तिथं धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून हिला बसवतात. बिल पाच आकडी. ही फिरतेय, ओळख देतेय, पण वाचता वाचता मधेच अडकतेय. म्हणजे काही जागा खराब झाल्यात.’

मी उत्साहाने म्हटलं, ‘मग उघडून बघू या का आत?’ त्याने डिस्क माझ्यापासून थोडी लांब ठेवली.

आत काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या, आमच्या डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० वेळा फिरणाऱ्या. त्यांच्यावर वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. ते काही नॅनोमीटर अंतरावर हवेत तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आता करा हिशोब! त्या हेडसाठी धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आलेली टेकडीच. बंद असताना डिस्क बऱ्यापैकी दणके सोसते, पण फिरत असताना दिवाणावरून दीड फूट खाली पडणं हेही तिला खूप होतं. हेड तबकडीला घासलं की तिथला मजकूर खरवडला जातो. म्हणून पडल्यावर ‘बघू या चालू होतोय का’ म्हणून आठ-दहा वेळा बंद-चालू करणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला ‘चालून दाखव बरं’ म्हणण्यासारखं आहे.

मग त्याने एक वही पुढे केली. ‘काय काय पाहिजे, लिहून द्या.’

‘सगळं.’

(इथे तो लुक.)

‘सगळं तर सगळेच मागतात, ताई. डिस्क आजारी आहे, किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. इथं काम करायचं की लॅबला पाठवायचं, आधी काय शोधायचं, हे तुमच्या यादीवरून ठरतं. एक नंबरला काय?’

मी लिहिलं. १. गोवा ट्रिपचे फोटो, २०११. २. मनालीचे फोटो. ३. जुन्या ऑफिसचे प्रोजेक्ट. ४. गाणी. ५. आईचं लिखाण.

त्याने यादी वाचली. ‘गोव्याचे फोटो दुसरीकडे कुठं आहेत?’

होते. फेसबुकवर सगळा अल्बम होता. मनालीचे मैत्रिणीकडे होते. प्रोजेक्ट जुन्या ऑफिसच्या सर्व्हरवर असतील, आणि नसले तरी मला आता त्यांचं काय लोणचं घालायचंय? गाणी तर हल्ली कुठलंही नाव टाइप केलं की वाजतं.

‘आणि हे पाच नंबरचं?’

‘ते... दुसरीकडे कुठंच नाहीये.’

तो काही बोलला नाही. पेन फक्त माझ्याकडे सरकवलं. मी पाचाचा एक केला आणि बाकीच्या चार ओळी खोडून टाकल्या. माझ्या फोनमधले चौदा हजार फोटो, त्यात निदान हजारभर कॉफीच्या कपांचे, रोज रात्री आपोआप क्लाउडवर जातात. आईच्या आठ वर्षांच्या दुपारी मात्र मी दोन दिवाळ्या ‘उद्या’वर ठेवल्या होत्या.

आता कामाची पद्धत सांगते, कारण ती फार शहाणपणाची आहे. आजारी डिस्कवर थेट काम करायचं नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल एका धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यायची आणि सगळे प्रयोग नकलेवर करायचे. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. नेहमीसारखं कॉपी-पेस्ट केलं की कम्प्युटर खराब जागेवर डोकं आपटत बसतो, आणि त्या नादात डिस्क पार जाऊ शकते. हा प्रोग्रॅम तसं करत नाही. सोप्या जागा आधी वाचतो, अवघड जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे परत येतो. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवतो, म्हणजे मधे वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. थोडक्यात, बोर्डाचा पेपर कसा सोडवायचा म्हणून आपल्याला सांगायचे, तेच.

३२० जीबीची डिस्क. दोन रात्री आणि एक दिवस लागला. त्या दोन रात्री मी काय केलं? जागी राहून डिस्कच्या गोष्टी वाचल्या. त्यातली एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१ फेब्रुवारी २००३. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्यात होते ते कोलंबिया यान परत येताना सुमारे ६० किलोमीटर उंचीवर फुटलं. सातही जण गेले. अमेरिकेत टेक्सासच्या आसपास मैलोन्‌मैल अवशेष पसरले होते. त्यात एका प्रयोगाच्या यंत्रातली ४०० एमबीची हार्ड डिस्क सापडली. डिस्क कसली, जळून काळा पडलेला धातूचा तुकडाच. झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची मोजमापं त्यात होती. डेटा रिकव्हरीवाल्यांनी आतल्या तबकड्या काढल्या, साफ केल्या, नव्या यंत्रात बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के मजकूर परत मिळवला. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष रीतसर छापून आले.

रात्री दोन वाजता हे वाचून मला धीर आला. ती आकाशातून पडलेली वाचली, मग आमची तर दिवाणावरून पडलीय. आणि मग वाटलं, ज्यांनी ती मोजमापं घेतली त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल? असो.

तिसऱ्या दिवशी पोराचा फोन. ‘ताई, एक चांगली बातमी, एक बरी बातमी. डिस्क जवळपास सगळी वाचली. पण जी थोडी गेली, त्यातच नेमकी यादी होती.’

यादी म्हणजे असं बघा. डिस्क हे एक भलंमोठं पुस्तक आहे आणि त्यात एक अनुक्रमणिका असते. कुठल्या नावाची फाइल कुठल्या पानावर आहे, ते तिथं लिहिलेलं. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा कम्प्युटर पान फाडत नाही, अनुक्रमणिकेतली ओळ खोडतो. त्या पानावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथंच असतो. म्हणून तर चुकून डिलीट झालेलं परत मिळतं, आणि म्हणूनच तसं झाल्यावर त्या डिस्कवर नवं काहीही टाकायचं नसतं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकायचं नाही!

आमची पानं होती, अनुक्रमणिका फाटली होती. अशा वेळी फोटोरेकसारखा प्रोग्रॅम पान अन् पान चाळतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. फोटोची वेगळी, वर्डची वेगळी. ती खूण दिसली की तो तिथून फाइल उचलतो. फाइल मिळते, पण तिचं नाव मिळत नाही, फोल्डर मिळत नाही. मिळतो फक्त एक नंबर.

अशा चाळीस हजारांवर फाइल्स घेऊन मी घरी आले. बहुतेक सगळा कचरा, कुठल्या कुठल्या वेबसाइटवरची चित्रं. वर्डच्या फाइल्स निघाल्या एकोणीसशे. रविवारी सकाळी चहा घेऊन बसले आणि एकेक उघडायला लागले. माझा बायोडेटा. माझा बायोडेटा. थोडा जास्त खोटा असलेला माझा बायोडेटा. बॉसला लिहिलेलं आणि न पाठवलेलं राजीनाम्याचं पत्र. आणि मधूनमधून अशा फाइल्स, ज्यात नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. एकही शब्द लागत नाही. करप्ट, दुसरं काय! मी त्या सरळ डिलीट करत गेले. अकरा झाल्या तेव्हा कंटाळून पोराला फोन लावला. ‘अरे दादा, आईचं एक अक्षर सापडत नाही, आणि बऱ्याच फाइल करप्ट आहेत.’

‘करप्ट म्हणजे चौकोन दिसतायत की इंग्रजी अक्षरं?’

‘इंग्रजी अक्षरं.’

‘डिलीट नका करू!’ तो जवळजवळ ओरडलाच. ‘तुमची आई मराठी कुठल्या फॉन्टमध्ये टाइप करायची?’

मला कुठलं माहीत? आईला फोन लावला. ‘फॉन्टबिंट मला काय कळतंय? ऑफिसातल्या पोराने टाकून दिलेला. आमच्या टायपिंग मशीनसारखी बटणं लागतात त्यात.’

‘आई, इथं भलतंच काहीतरी दिसतंय. व्ही, के, बी आणि मोठा झेड. हेच परत परत आलंय, प्रत्येक पानावर.’

पलीकडे शांतता. मग टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज. टक, टक, टक, टक. आई लाकडावर टाइप करून बघत होती.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘ “आई” आहे ते.’

मंडळी, भानगड अशी होती. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे मजकूर जगात कुठंही उघडा, ‘अ’ हा ‘अ’च राहतो. पण हे घराघरांत पोचण्याआधी आपल्याकडचे फॉन्ट एक जुगाड करायचे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रं बसवायचे. कम्प्युटरच्या लेखी तुम्ही व्ही दाबलात, पडद्यावर दिसणार ‘अ’. के दाबलात, काना. बी म्हणजे ‘इ’, आणि मोठा झेड म्हणजे रफार, जो ‘इ’च्या डोक्यावर बसला की झाली ‘ई’. कृतिदेव हा त्यातलाच एक फॉन्ट. त्याची मांडणी टाइपरायटरसारखी, म्हणून जुन्या टायपिस्ट लोकांना तो लगेच हाताला बसायचा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर भेळ. म्हणजे फाइल धडधाकट होती. मलाच वाचता येत नव्हती.

पुढचं काम पाच मिनिटांचं. रिसायकल बिनमधून अकरा फाइल्स बाहेर काढल्या. मग एकोणीसशे फाइल्समध्ये सर्च मारला, व्ही-के-बी-झेड. सदतीस फाइल्स. सगळ्या आईच्या. वर्डमध्ये वरच्या खिडकीत फॉन्टचं नाव दिसत होतंच, माझं लक्ष गेलं नव्हतं एवढंच. फॉन्ट टाकला आणि पडद्यावरची भेळ एका झटक्यात मराठी झाली.

ही ‘आई’ कोण, तर माझी आजी. सदतीसच्या सदतीस फाइल्स तिच्याबद्दल. मी चौथीत असताना ती गेली. मला तिचं नऊवारी आणि तपकिरीचा वास एवढंच आठवतं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७८ साली आईने टायपिंगचा क्लास लावला तेव्हा तरण्या पोरीला एकटं कसं पाठवायचं म्हणून आजी रोज सोबत जायची आणि क्लासच्या पायरीवर तासभर बसून राहायची. आईने लिहिलंय, की घरी परत जाताना आजी विचारायची, ‘आज तुझं मशीन मधेच का थांबलं होतं? चुकलीस काय?’ आत पंधरा मशीन एका वेळी खडखडत असायची. त्यातून आपलं मशीन आजीला कसं ओळखू यायचं, हे आईला अजून कळलेलं नाही.

दुपारचे चार वाजले होते. चहा तसाच राहिला होता. मी आईला फोन केला आणि म्हणाले, ‘आई, त्या दिवशी मी उगाच ओरडले. चूक माझी होती.’ ‘बरं बरं,’ आई म्हणाली, ‘जेवलीस का?’

सगळं नाही मिळालं. दोन फाइल्स मधेच तुटल्या. त्यातली एक आजीच्या शेवटच्या आजारपणाची, अर्ध्या वाक्यात थांबलेली. काही मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसले, ते मी रोज रात्री अर्धा तास दुरुस्त करते. त्या निमित्ताने वाचून होतं.

आता तुमच्यासाठी. ‘आमच्याकडे नवा लॅपटॉप आहे, आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणत असाल तर उलट जास्त सावध राहा. नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी नसते, एसएसडी असते. ती पडल्या-झडल्याला जास्त दाद देत नाही, हे खरं. पण तिच्यात फाइल डिलीट केली की कम्प्युटर तिला ‘ही जागा रिकामी’ असं कळवतो आणि डिस्क ती जागा लवकरच खरोखर साफ करून टाकते. म्हणजे खोडलेलं परत मिळायची आशा फार कमी. बऱ्याच स्लिम लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच डाग देऊन पक्कं केलेलं असतं, म्हणजे दोन स्क्रू काढून डिस्क बाहेर, हा प्रकारच नाही. शिवाय हल्ली डिस्क आतून कुलूपबंद असू शकते. विंडोजवर त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली असते. ती कुठे आहे, बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर, ते आजच बघून ठेवा. किल्ली हरवली तर तापकीर गल्लीतला काय, जगातला कुठलाच पोरगा काही करू शकत नाही.

बाकी नियम जुनाच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. फोन आणि क्लाउड सिंक आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही. एकीकडे खोडलं की दुसरीकडेही खोडलं जाऊ शकतं. आणि बॅकअप अधूनमधून उघडून बघा. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कुणाच्या तरी एका चुकीच्या कमांडने ‘टॉय स्टोरी २’ चा बहुतेक सगळा भाग पुसला गेला आणि मग लक्षात आलं, की बॅकअप नीट होतच नव्हता. वाचवलं कुणी? गेलिन सुसमन नावाच्या टेक्निकल डायरेक्टरने. तान्ह्या बाळामुळे ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या कम्प्युटरवर एक प्रत होती.

आमच्या तीन प्रती आता अशा: एक माझ्याकडे, एक क्लाउडवर. तिसरी आईने स्वतःच्या पद्धतीने केली. कराड स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोनशे बारा पानांची प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. ‘याला चार्जिंग लागत नाही,’ म्हणाली. मी गप्प बसले. या विषयावर बोलायचा अधिकार मी गमावलाय.

भाच्याने तिला दुसरा लॅपटॉप लावून दिलाय. युनिकोड, पण बटणं तिच्या टाइपरायटरची. दिवाण बंद, टेबल-खुर्ची सुरू. परवा मी विचारलं, ‘आई, ते तुटलेलं वाक्य पुढे काय होतं, आठवतंय का?’

‘आठवतंय की,’ ती म्हणाली. ‘लिहिते सावकाश.’

या शनिवारी कराडला जातेय. पेनड्राइव्ह आत्ताच पर्समध्ये टाकलाय. तुम्हीही एक करा. कागद घ्या आणि काय काय पाहिजे त्याची यादी लिहा. पाच ओळी पुरे. फक्त पाच नंबरला काय लिहिताय, ते एकदा नीट बघा.